जबड्याच्या ऑपरेशननंतर ओठ आणि हनुवटी बधिर : लेसरने नस लवकर सुधारते का?

मैत्रेयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे होता. आधी ब्रेसेस, मग गणपती उठल्यावर ऑपरेशन. वरचा जबडा थोडा पुढे घेतला, खालचा मागे. आता दिवाळीही उलटली. चावा मस्त बसलाय, सूज गेलीय, शेजारच्या काकू मला ओळखत नाहीत ही वेगळीच मजा. तक्रार आहे ती खालच्या ओठाची. डावीकडे हल्ली मुंग्या यायला लागल्यात, पण उजवीकडे ओठापासून हनुवटीपर्यंत काही म्हणजे काही कळत नाही. मिसळ खाताना तर्री हनुवटीवरून ओघळून ओढणीवर पडली, ते समोर बसलेल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा समजलं. चहा किती गरम आहे हे वरच्या ओठाने बघते.

माझे सर्जन म्हणतात, नस तुटलेली नाही, ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांनी पाहिली आहे, धीर धरा. मेकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ च्या, गोळ्या दिल्यात. मध्ये घराजवळच्या एका दवाखान्यात दात साफ करायला गेले, तर तिथे 'लो लेव्हल लेसर', म्हणजे कमी शक्तीचा, न कापणारा लेसर सुचवला. नसेला हमखास गुण येतो म्हणाले. पूर्ण पॅकेज घ्यायचं आणि पैसे आधी भरायचे. रक्कम ऐकून बाबांनी फक्त चष्मा पुसला.

कुणी घेतलाय का असा लेसर? खरंच उपयोग होतो की नुसतं दुकान? आणि आई रोज ओव्याच्या पुरचुंडीने शेक द्यायचा म्हणते, तो द्यावा का?

आगाऊ_कार्टं

'हमखास' आणि 'पैसे आधी' हे दोन शब्द एका वाक्यात आले की मी चपला शोधतो.

शशांक_कोथरूड

ताई, मी घेतलाय. माझंही तेच ऑपरेशन, दोन वर्षं झाली. पहिले दोनेक महिने दाढी करताना कापलेलं कळायचं नाही, रक्त आरशात दिसायचं. मग लेसर सुरू केला. आठवड्यातून दोनदा जायचो. दुखत नाही, भाजत नाही, काहीच जाणवत नाही. हिरवट गॉगल लावतात, तोंडात दाढेच्या मागे, मग बाहेरून जबड्याच्या कडेने, हनुवटीवर, ओठावर असा पेनासारखा प्रोब टेकवत जातात. प्रत्येक ठिपक्याला यंत्र टुक् करतं. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत मुंग्या आल्या आणि चार-पाच महिन्यांत ओठ जवळजवळ पूर्ववत. हनुवटीवर रुपयाएवढा एक भाग अजून मंद आहे, पण त्याची सवय झाली. माझ्यापुरतं सांगायचं तर शंभर टक्के फायदा. घ्याच.

यमन_काळे

शशांक, तुमचा ओठ परत आला याचा आनंदच आहे. पण लेसर घेतला नसतात तर आला नसता, हे कशावरून? मुंग्या यायची वेळ आणि तुम्ही लेसर सुरू केलात ती वेळ एकच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मैत्रेयी यांच्या डाव्या बाजूला लेसरशिवाय मुंग्या आल्याच आहेत की.

शशांक_कोथरूड

तुम्ही इंजिनिअर ना? तुमचा ओठ बधिर झाला की बोलू.

यमन_काळे

इंजिनिअर आहे आणि लेसरवरच काम करतो, म्हणून तर बोललो. :)

दंतकथा

उशिरा पाहिला धागा. मी तोंड आणि जबड्याची शस्त्रक्रिया करतो, म्हणजे ज्यांच्यामुळे ओठ बधिर होतात त्यांच्यापैकीच एक. इथे कुणाची तपासणी करत नाही. माहिती देतो, निर्णय तुमच्या सर्जनबरोबर घ्या.

आधी शेकाचं, कारण ते तातडीचं आहे. बधिर जागेवर शेक अजिबात नको. ओव्याची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, वाफ, काहीही नको. भाजलेलं कळणारच नाही. असे भाजलेले फोड मी पाहिलेत, तेही प्रेमळ घरांतले.

आता नस. खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंना एकेक बोगदा जातो आणि त्यातून संवेदनेची नस. ती दाढांच्या मागे आतल्या बाजूने हाडात शिरते, दातांना फांद्या देत पुढे येते आणि उपदाढांच्या मुळांच्या आसपास एका भोकातून बाहेर पडून ओठ आणि हनुवटीत पसरते. तुमच्या ऑपरेशनमध्ये हाड नेमकं याच भागात उभं चिरून दोन फळ्या वेगळ्या करतात. ही पद्धत ऑबवेगेसर या सर्जनने १९५७ मध्ये ट्राउनरबरोबर मांडली, पुढे १९६१ मध्ये दाल पॉन्टने ती सुधारली. तेव्हापासून आजपर्यंत तिची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच नस आहे. फळ्या वेगळ्या होताना ती ताणली जाते, कधी हाडाला चिकटलेली सोडवावी लागते, नंतर सूज येऊन दाबली जाते. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत जवळपास प्रत्येकाला थोडाफार बधिरपणा असतो. तो ऑपरेशन बिघडल्याचा पुरावा नाही.

किती दिवसांत जाईल हे इजा कुठल्या दर्जाची यावर ठरतं. सेडनने १९४३ मध्ये केलेली वर्गवारी आम्ही अजून वापरतो. पहिल्या प्रकारात नस शाबूत, फक्त संदेश अडलेला. तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटतो. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण बाहेरचं वेष्टण टिकून राहतं, तंतूंना त्याच वेष्टणातून नव्याने वाढत यावं लागतं. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते. दुसऱ्या प्रकारात तंतूंची वाढ ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर. चिरेच्या जागेपासून ओठापर्यंत पाच-सहा सेंटिमीटर धरा, सुरुवातीचा रेंगाळण्याचा काळ मिळवा, म्हणजे पहिल्या मुंग्या दोन-तीन महिन्यांच्या सुमारास येणं अगदी अपेक्षित आहे. नेमक्या त्याच सुमाराला रुग्ण कंटाळतो आणि काहीतरी उपचार सुरू करतो. लेसर, गोळ्या, तेल, काहीही. श्रेय त्यालाच मिळतं. यमन यांचा मुद्दा बरोबर आहे. पण म्हणून शशांक यांना लेसरचा फायदा झालाच नाही असंही म्हणता येत नाही.

वर्षभरात बहुतेकांची संवेदना पुष्कळशी परत येते. काहींचा एखादा पट्टा कायमचा मंद राहतो. वय चाळिशीपुढे असेल किंवा त्याच वेळी हनुवटीचं हाडही सरकवलं असेल तर परत येण्याचं प्रमाण कमी होतं.

लेसरच्या अभ्यासांबद्दल रात्री लिहितो. ओपीडी तुंबलीय.

मैत्रेयी_डोंबिवली

डॉक्टर, खूप आभार. ओव्याची पुरचुंडी आईने तोंड पाडून आत ठेवली. एक वेडा प्रश्न : मला सतत वाटतं की माझं हसू उजवीकडे वाकडं होतं. फोटोत तसं दिसत नाही, पण वाटतं.

दंतकथा

वेडा नाही, जवळपास सगळे विचारतात. ही नस फक्त संवेदनेची. ओठ हलवणारी नस वेगळी आहे, ती कानाच्या पुढून चेहऱ्यात येते. फोटोत सरळ दिसतंय म्हणजे सरळच आहे. ओठाकडून मेंदूला खबर मिळत नाही, म्हणून मेंदू तो जाड आणि वाकडा धरून चालतो.

सुनंदा_देशमुख

मी साठीची आहे. माझं जबड्याचं ऑपरेशन नाही, अक्कलदाढ काढली आणि अर्धी जीभ गेली. वर्ष होऊन गेलं. डाव्या अर्ध्या जिभेला आमटीत मीठ कळत नाही. पुरणपोळी उजवीकडे वळवून खाते. तेवढ्याने भागलं असतं, पण मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते, टूथब्रश लागला तरी. ज्यांनी दाढ काढली ते म्हणाले होईल बरं, आणि नंतर फोन घेईनासे झाले. मलाही लेसर सांगितलाय एकाने. घेऊ का?

दंतकथा

सुनंदाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. जिभेची नस हाडाच्या बोगद्यात नसते, अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला मऊ भागात असते. तुटली तर तिची टोकं लांब जातात, वेष्टणाची वाट मिळत नाही. चवीचे तंतूही तिच्याबरोबरच जातात, म्हणून मीठ कळत नाही. तीन महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर नस जोडणाऱ्या सर्जनला दाखवायला हवं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली नस जोडता येते, मात्र उशीर होईल तितका निकाल खालावतो. वर्षानंतर आशा बरीच कमी होते, शून्य होत नाही. म्हणून एकदा दाखवा जरूर. आणि स्पर्शाने कळ जाते हे मज्जातंतूंचं दुखणं आहे. त्यावर प्रीगॅबालिन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधं असतात, ती न्यूरॉलॉजिस्ट किंवा वेदनातज्ज्ञ बघून देतील. मनाने घेऊ नका, आणि ही कळ सहन करत बसायचीही गरज नाही. लेसरचा विचार त्यानंतर.

आगाऊ_कार्टं

मावशी, पुरणपोळी उजवीकडे वळवून खाणं हे वाचून हसावं की रडावं कळेना. लवकर दाखवा कुणाला तरी.

गौरी_फिजिओ

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. लेसरबद्दल इथे थोडा रागाचा सूर दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडते.

१९६० मध्ये पहिला लेसर तयार झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांवर तो लावून पाहिला. लेसरने कर्करोग होतो का हे त्यांना बघायचं होतं. कर्करोग झाला नाही, उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. १९६७ ची गोष्ट. त्यातून हे शास्त्र निघालं. आता याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. लाल आणि त्यापलीकडच्या न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांचं, काम वाढतं, तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तो प्रकाश शोषतं, अशी मुख्य मांडणी आहे. उष्णतेचा इथे संबंध नाही, म्हणूनच काही जाणवत नाही.

हे सगळं हवेतलं नाही. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटून निघतं, पाणी गिळवत नाही, तिथे हाच लेसर कामाला येतो. मणिपालच्या मंडळींनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेली नियंत्रित चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, फायदा स्पष्ट होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये त्या वापराला मान्यता देणारं मार्गदर्शन काढलं. त्यामुळे 'नुसतं दुकान' म्हणताना जरा थांबावं. दुकानदार आहेत, ते कुठे नाहीत?

यमन_काळे

गौरी, तोंडाच्या जखमा वरच्या कातडीच्या असतात, तिथे प्रकाश पोचायला अडचण नाही. इथे नस हाडाच्या आत आहे. अवरक्त प्रकाश लाल प्रकाशापेक्षा खोल जातो हे मान्य, पण प्रत्येक मिलिमीटरला घटत जातो. गाल, स्नायू, मग हाडाची टणक भिंत. पलीकडे किती पोचतो हा खरा प्रश्न आहे, आणि तो रुग्णागणिक बदलणार, कारण कुणाचा गाल भरलेला तर कुणाचा बसलेला.

बाकी दवाखान्यात काय विचारायचं ते माझ्या प्रांतातलं आहे म्हणून सांगतो. तरंगलांबी किती नॅनोमीटर, शक्ती किती मिलिवॉट, एका ठिपक्याला किती सेकंद. १०० मिलिवॉट गुणिले ६० सेकंद म्हणजे ६ ज्यूल, इतका साधा हिशोब आहे. हा आकडा ज्याला सांगता येत नाही तो यंत्राचं बटण दाबतोय, उपचार करत नाही. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. ठरावीक मात्रेपलीकडे परिणाम कमी होतो किंवा उलटतो, हे या क्षेत्रातले लोकच सांगतात.

गॉगल मात्र पेशंटनेही लावायचाच. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. प्रोबच्या टोकाला जो लाल ठिपका दिसतो तो बहुतेक वेळा नुसता नेम धरायला दिलेला दिवा असतो.

गौरी_फिजिओ

मात्रेबद्दल पूर्ण सहमत. हाडाबद्दलही. म्हणूनच नीट करणारे लोक तोंडाच्या आतून, नस हाडात शिरते त्या जागी आणि बाहेर पडते त्या जागी प्रोब धरतात. तिथे मध्ये हाड कमी येतं.

शशांक_कोथरूड

माझ्या तोंडात दाढेमागे धरायचे ते यासाठी होय. कुणी सांगितलं नव्हतं.

मुलुंडकर

माझ्या डेंटिस्टकडे हिरड्या कापायचा लेसर आहे, त्यानेच करून देतो म्हणाला. चालेल का?

यमन_काळे

डायोड लेसर तोच असू शकतो, कापताना वॉटमध्ये चालतो आणि टोक बारीक असतं. या कामाला वेगळं रुंद टोक आणि बरीच कमी शक्ती लागते. ते त्याच्याकडे आहे का विचारा. नसेल तर हिरड्याच कापू द्या.

दंतकथा

रात्र झाली, आता अभ्यास.

१९९६ मध्ये नॉर्वेतल्या गटाने जुना बधिरपणा असलेल्या रुग्णांवर ८२० नॅनोमीटरचा लेसर वापरून पाहिला. एका गटाला खरा, दुसऱ्याला नुसता टेकवलेला. स्पर्शाची जाणीव खऱ्या लेसरच्या गटात सुधारली, गरम-गारची मात्र नाही. रुग्ण किती? अवघे तेरा. २०१४ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास चाळून बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आढावा घेतला, तोही फक्त या लेसरचा नाही, तर दातांच्या आणि जबड्याच्या उपचारात या नसांना इजा झाल्यावर जे जे काही करतात त्या सगळ्याचा. त्यांच्या चाळणीतून दोनच अभ्यास खाली उतरले, दोन्ही लेसरचे, दोन्ही मिळून २६ रुग्ण. पुरावा अत्यंत कमी दर्जाचा, असा शेरा. नस जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर किंवा गोळ्यांवर त्यांना एकही चालेल असा अभ्यास मिळाला नाही. म्हणजे लेसरवाल्यांना हसताना आम्ही सर्जन लोकांनी आपल्या पायाखालीही पाहावं.

त्यानंतर ब्राझील, चिली, इराण इथून आणखी छोट्या चाचण्या आल्या. तुमच्या ऑपरेशनचा अभ्यासाला एक फायदा आहे : चीर दोन्ही बाजूंना असते. त्यामुळे काही जणांनी एकाच रुग्णाच्या एका बाजूला खरा लेसर दिला आणि दुसऱ्या बाजूला बंद प्रोब, टुक् आवाज तोच. कल बऱ्याच ठिकाणी लेसरच्या बाजूने दिसतो, विशेषतः ऑपरेशननंतर लगेच, पहिल्या दिवसांत सुरू केला तर. पण प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी, मात्रा वेगळी, किती वेळा दिला ते वेगळं, मोजण्याची पद्धतही वेगळी. त्यावरून एक ठाम नियम काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर : धोका फार थोडा, तर्काला धरून आहे, पुरावा कच्चा. माझ्या रुग्णाने विचारलं तर नको म्हणत नाही. तिथे पूर्वी किंवा आता गाठ असेल तर मात्र नको. 'हमखास' म्हणणाऱ्याकडे पाठवत नाही. आणि माझी खरी भीती पैशांची नाहीच. बधिर ओठाचा रुग्ण महिनोन्महिने लेसर घेत राहतो, कुणी मोजमाप करत नाही, आणि ज्याला खरोखर नस उघडून बघायची गरज होती त्याची वेळ निघून जाते. सुनंदाताईंसारखी माणसं अशीच वर्षाने येतात.

म्हणून लेसर घ्या किंवा न घ्या, मोजमाप ठेवा. घरी जमतं. डोळे मिटून बसायचं, घरच्या माणसाने करायचं. देवघरातली फुलवात घेऊन ओठावर आणि हनुवटीवर हलकेच फिरवायची. कळतं का, कुठल्या दिशेने फिरवली ते सांगता येतं का? मग कंपासपेटीतला डिव्हायडर, टोकं बोथट करून. दोन टोकं टेकली की एक, हे सांगायचं. खालच्या ओठावर निरोगी माणसाला चार-पाच मिलिमीटरचं अंतर कळतं. शेवटी बधिर भागाची हद्द भुवयांच्या पेन्सिलने आखायची आणि फोटो काढायचा, दर वेळी त्याच उजेडात. महिन्याला एकदा पुरे. रोज करू नका, वेड लागेल. हा फोटोंचा गठ्ठा माझ्या रुग्णाने समोर ठेवला की मला त्याच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं.

मेकोबालामिनबद्दल कुणी विचारायच्या आत : आपल्याकडे ते सगळेच लिहून देतात, मीही देतो. तुम्ही शाकाहारी असाल तर गोळ्यांच्या आधी रक्तातलं बी-१२ बघितलेलं बरं, कारण ते कमी असणं आपल्याकडे फार सर्रास आहे आणि कमी असेल तर भरून काढायलाच हवं. बाकी गोळीने ओठ परत आला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आगाऊ_कार्टं

फुलवात, कंपासपेटी आणि आयब्रो पेन्सिल. एका पेशंटमागे घरातल्या तीन पिढ्या कामाला लावल्या डॉक.

कॅरीकर

नॉर्थ कॅरोलिनातून लिहितेय. माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन इथे झालं. लेसरचं नाव कुणी काढलं नाही, पण व्यायाम दिले होते, ते सांगते.

शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या लोकांनी यावर मोठी चाचणी केली होती, २००७ च्या सुमाराला प्रसिद्ध झाली. अर्ध्या रुग्णांना ऑपरेशननंतरचे नेहमीचे तोंड उघडायचे व्यायाम, अर्ध्यांना त्याशिवाय संवेदनेचे व्यायाम. दुसऱ्या गटाला नंतर बधिरपणाचा त्रास कमी वाटला. करायचं काय, तर आरशासमोर बसून मऊ ब्रश बधिर जागेवर टेकवायचा, मग त्याच जागी फिरवायचा, आणि आरशात बघत त्यातला फरक लक्षात घ्यायचा. मग डोळे मिटून तेच. मग उघडून ताळा जमवायचा. हळूहळू वर-खाली, डावी-उजवी दिशा. नस यामुळे जोराने वाढते असा दावा कुणी करत नाही. जी अर्धवट खबर येते ती मेंदूला वाचायची सवय लागते. खर्च एका ब्रशचा. मुलगा पहिले काही दिवस चिडायचा, मग अभ्यास टाळायला म्हणून स्वतःहून आरशासमोर बसायला लागला.

दंतकथा

कॅरीकर, उत्तम आठवण केलीत. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, कारण याचं बिल करता येत नाही. मैत्रेयी, तुमच्या डाव्या बाजूला मुंग्या आहेत, म्हणजे खबर येऊ लागली आहे. तिकडून आजच सुरू करा. उजवीकडे निदान टेकवलेलं कळायला लागलं की मग.

मैत्रेयी_डोंबिवली

त्या दवाखान्यात जाऊन यमनदादांचे प्रश्न विचारले. तरंगलांबी विचारल्यावर तिथल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, मशीन इम्पोर्टेड आहे." ज्यूलचं विचारायचं धाडस झालं नाही.

मग सर्जनकडे गेले. त्यांनी कापूस, टाचणी आणि थंड चमचा घेऊन बराच वेळ तपासलं, कागदावर माझ्या हनुवटीचं चित्र काढून रेघा मारल्या. उजवीकडे टाचणीचं टोक एका जागी कळलं! मला स्वतःला पत्ता नव्हता. ते म्हणाले ही चांगली खूण आहे, बहुधा दुसऱ्या प्रकारची इजा असावी. पुढच्या तपासणीला रेघा सरकल्या नाहीत तर पुढचा विचार. लेसर हवाच असेल तर ते स्वतः एका फिजिओकडे पाठवतील, दर वेळचे पैसे दर वेळी, कधीही थांबवता येईल. घ्यावासा वाटतोय खरं सांगायचं तर. निदान काहीतरी करतोय असं वाटेल.

गौरी_फिजिओ

जरूर घ्या. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून मात्रा वहीत लिहून घ्या आणि पेन्सिलवाला फोटो लेसर सुरू करण्याच्या आधी काढा, नंतर नाही.

यमन_काळे

एक खोडसाळ सूचना : फक्त उजवीकडे घ्या, डावी बाजू तुलनेला.

दंतकथा

नको यमन. डावी आधीच पुढे आहे, दोन्ही बाजूंची इजा सारखी नाही, त्यामुळे त्या तुलनेतून काही सिद्ध होणार नाही. चाचणीत असे बरेच रुग्ण घेऊन कुठली बाजू ते चिठ्ठी टाकून ठरवतात. एका मैत्रेयीवर ते होत नाही. दोन्हीकडे घेऊ द्या की.

सुनंदा_देशमुख

मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात जबड्याच्या विभागात दाखवलं. रांग मोठी होती, पण तपासणी नीट झाली. नस जोडण्याबद्दल एमआरआय बघून सांगणार आहेत. झटक्यांसाठी गोळी सुरू झाली, थोडी झोप येते, पण दात घासता येतात आता. इथे लिहिलं नसतं तर गेले नसते.

विजय_नगर

मध्येच घुसतो, माफ करा. वडिलांना काल खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवतात तो स्क्रू) बसवलं. भूल उतरली असणार, पण आज दुपारपर्यंत त्या बाजूचा ओठ पूर्ण बधिर आहे. दवाखाना म्हणतो पुढच्या आठवड्यात या. वर लिहिल्याप्रमाणे दोन-तीन महिने वाट बघायची ना?

दंतकथा

नाही! विजय, ते सगळं जबड्याच्या ऑपरेशनबद्दल होतं. इम्प्लांटनंतर भूल उतरूनही ओठ बधिर असेल तर स्क्रू नसेच्या बोगद्यावर दाबत असण्याची शक्यता असते, आणि तसा असेल तर तो पहिल्या एक-दोन दिवसांतच काढावा किंवा मागे घ्यावा लागतो. आत्ता दवाखान्यात फोन करा, आजच थ्रीडी स्कॅन काढून मागा. ते आज बघत नसतील तर जवळच्या कुठल्याही जबड्याच्या सर्जनकडे न्या. इथे उत्तराची वाट बघत थांबू नका.

विजय_नगर

निघालो.